शिक्का मागायला आलेली मुलगी

ती घटना मी विसरलेलो नाही, पण तिला गुन्हा रजिस्टर नंबर नाही. आरोपी नाही, मुद्देमाल नाही, दोषारोपपत्रही नाही. स्टेशन डायरीत तीन नोंदी आहेत, तेवढ्याच.

निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. पनवेल परिसरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचे आणि माणसांचे नाव इथे लिहीत नाही. हद्दीत कामोठ्याचा काही भाग येत होता. तिथे भाडेकरू सतत बदलतात. घरमालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची आणि आम्ही अर्जाच्या प्रतीवर गोल शिक्का मारून पोच द्यायची, अशी पद्धत होती. त्या सुमारास खोट्या शिक्क्याच्या काही पोच सापडल्या. कोणी दलाल पोलिसांना न विचारताच पडताळणी उरकत होता. मी दोन आदेश दिले. काउंटरवरचा शिक्का उचलून कुलुपात ठेवायला सांगितला. आणि शिक्के बनवणाऱ्या दुकानदारांना बोलावून सांगितले, की पोलिसांचा शिक्का मागायला कोणी आले तर त्याला बसवून ठेवा आणि आम्हाला फोन करा.

एका मंगळवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास फोन आला. पनवेलच्या तहसील कचेरीजवळचा शिक्केवाला बोलत होता.

"साहेब, तुमचा शिक्का मागायला गिऱ्हाईक आलंय."

"किती जण आहेत?"

"एकच. सहावीत आहे म्हणते."

मला वाटले तो थट्टा करतो आहे. तो म्हणाला, "थट्टा नाही साहेब. शाळेच्या ड्रेसमध्ये आलीये. वहीचं पान आणलंय, त्यावर शिक्का काढलाय कंपासनं. म्हणते, अस्साच द्या, पण गोल नीट पाहिजे. मी म्हटलं, बाळा, याला पोलिसांची परवानगी लागते. तर म्हणते, मग विचारा ना त्यांना."

"पळाली तर नाही ना?"

"पळते कुठली. स्टुलावर बसलीये. कधी परवानगी येणार, असं दोनदा विचारलं तिनं."

खोटा शिक्का करायला आलेला माणूस पोलिसांची वाट बघत बसत नाही. हे तिथेच माझ्या लक्षात यायला हवे होते. मी मात्र दलालाचा विचार करत होतो. मुलांना पुढे करून कामे करवून घेणारी माणसे मी पाहिली होती. मुलीला आणायला साध्या कपड्यांत महिला हवालदार पाठवली.

लहान मुलांशी गणवेशात बोलायचे नाही, त्यांना लॉकअपच्या बाजूला आणायचे नाही, हा नियम आहे. ठाण्याच्या मागच्या बाजूला महिला कक्षाची खोली होती, तिथे तिला बसवले. मीही शर्ट बदलून गेलो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"तुम्ही पोलीस नाही का?"

"आहे की. मी इथला साहेब आहे."

"मग वर्दी?"

वर्दी नसल्याने मुले मोकळी होतात. हिचा चेहरा पडला. वेणी स्वतःची स्वतः घातलेली होती, मागचे केस एका बाजूला सुटलेले. दप्तर मांडीवर घट्ट धरले होते.

"हा शिक्का कोणी आणायला सांगितला?"

"कोणी नाही."

"मग कशाला हवाय?"

"वहीसाठी."

"कसली वही?"

तिने दप्तर आणखी जवळ ओढले. मी विषय बदलला. घरी कोण कोण असते?

"मम्मी असते. वर्क फ्रॉम होम करते. पप्पा पुण्याला असतात, कंपनीत. दर शनिवारी येतात."

"मम्मीला फोन लावू?"

"तिची मीटिंग असते. संध्याकाळी लावा."

खोटे बोलणारे मूल सहसा जमिनीकडे बघते किंवा हाताशी चाळा करते. ही सरळ माझ्याकडे बघत होती आणि एकही शब्द अडखळत नव्हता. तीच उत्तरे तिने याआधी बऱ्याच जणांना दिली होती, हे कळायला पोलीस असण्याची गरज नव्हती. मी त्याचा अर्थ काढला, की कोणीतरी पढवून पाठवली आहे. आवाज थोडा चढवला. शिक्का करणे गुन्हा आहे, माहीत आहे का, असे विचारले. तिने मान डोलावली.

"म्हणून तर विचारायला सांगितलं," ती म्हणाली.

हवालदाराने चहा आणि एका ताटलीत बिस्किटे आणली. मुलीने चहा घेतला. बिस्किटांना हात लावला नाही.

"खा ना," मी म्हटले.

"हे फोडलेलं आहे. पॅक पुडा आहे का?"

मी महिला हवालदाराकडे पाहिले. "मॅडमना अख्खा पुडा लागतो," असे काहीतरी बोललो. ती हसली नाही. "साहेब, जरा बाहेर येता का?" म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात तिने मला ते वहीचे पान दिले. शिक्क्याची बाजू मी पाहिली होती. तिने पान उलटून धरले. मागे बारीक, नीटस अक्षरात लिहिले होते:

'वेळ १६.१०. किचन तपासले. बेडरूम तपासली. संडास-बाथरूमची डक्ट तपासली. पिण्याचे पाणी तपासले. आक्षेपार्ह काहीही मिळून आले नाही.'

"ही भाषा कुठली साहेब?" ती म्हणाली. "पोरं 'मिळून आले नाही' लिहितात का? हे आपल्या लोकांनी लिहिलेलं बघून उतरवलंय. आणि तो पुडा ती स्वतःसाठी मागत नाहीये. घरात कोणीतरी आहे, जे फोडलेलं खात नाही."

आम्ही आवक बारनिशी काढली. ठाण्यात येणारा प्रत्येक अर्ज तिच्यात नोंदवला जातो. मुलीने सांगितलेल्या इमारतीचा पत्ता शोधायला पाच मिनिटे लागली. एकाच महिलेचे अकरा अर्ज होते. 'इसम पाइपच्या डक्टमधून घरात येतात, पाण्यात व पिठात पावडर टाकतात, चौकशी व्हावी.' अक्षर सुंदर, भाषा शुद्ध. पहिल्या अर्जावर बीटचा हवालदार जाऊन आला होता. मी त्याला बोलावले.

"ती बाई ना साहेब," तो म्हणाला. "घर बघितलं, काही नव्हतं. म्हणाली, वहीत लिहून द्या. दिलं लिहून. मग शिक्का मारा म्हणाली. मी म्हटलं, शिक्का ठाण्यात मिळेल. मग काय, दर दोन-चार दिवसांनी वही घेऊन हजर. पोरगी बरोबर असायची, हीच. काउंटरवाला पोच म्हणून शिक्का मारायचा, बाई गप घरी जायची. कोणाला त्रास नाही काही नाही. मग तुम्ही शिक्का कुलुपात ठेवायला लावला."

"त्यानंतर आली नाही?"

"दोनदा आली. नाही म्हटल्यावर बंद झाली."

अकराव्या अर्जावर शेरा होता. 'अर्जदार मानसिकदृष्ट्या अस्थिर. कारवाईची आवश्यकता नाही. दप्तरी दाखल.' खाली सही माझी होती.

मला तो अर्ज वाचल्याचे आठवत नव्हते. असे अर्ज प्रत्येक ठाण्यात येतात. शेजारी भिंतीतून ऐकतात, डोक्यात चिप बसवली आहे, असे. ठाण्यातली माणसे एकमेकांकडे बघून हसतात आणि शेरा ठरलेला असतो. बाई यायची बंद झाली तेव्हा मी ते प्रकरण मिटले असे धरले. अकरा वेळा ती काउंटरवर उभी राहिली तेव्हा तिच्या शेजारी दप्तर घेतलेली मुलगी उभी होती. तिच्याबद्दल बारनिशीत एक अक्षर नव्हते. दोष द्यायचाच तर आधी माझ्या सहीला द्यावा लागेल.

खोलीत परत गेलो तेव्हा वर्दी चढवून गेलो. मुलगी उभी राहिली.

"ते वहीचं पान बघितलं मी," मी म्हटले. "मम्मी फोडलेलं खात नाही ना?"

तिने माझ्या वर्दीकडे पाहिले. मग म्हणाली, "तिला नेणार का तुम्ही?"

"कुठे?"

"ते मला माहीत नाही. सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, असल्यांना नेतात आणि मुलांना होस्टेलला टाकतात."

तिला कशाची भीती होती ते या एका वाक्यात कळले. ठरवलेली उत्तरे तिने त्यासाठीच तयार केली होती. वडील चार वर्षांपूर्वी वेगळे झाले होते, शनिवारी कोणी येत नव्हते. आईची नोकरी सुटून वर्ष झाले होते. ठाण्यात शिक्का मिळेनासा झाल्यावर मुलगी रोज शाळेतून येऊन घर तपासायची, हवालदाराने लिहिले होते तसे वहीत लिहायची आणि खाली कंपासने शिक्का काढायची. आई वही बघून जेवायची. हे तीन आठवडे चालले. शनिवारी आईला शिक्क्याच्या मधोमध बारीक भोक दिसले, कंपासचे टोक टोचलेले.

"मम्मी म्हणाली, हा खोटा आहे. त्यांनी तुलाही फितवलं. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीपण घेत नाही." ती थांबली. "खरा शिक्का मिळाला की जेवेल."

शनिवार ते मंगळवार.

सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या डॉक्टरांना मी फोन लावला. त्यांनी आधी विचारले ते मुलीबद्दल. ती जेवते का, झोपते का, आई तिच्या अंगावर धावून गेली आहे का. मग म्हणाल्या, "शिक्का मारू नका. आणि बाईंना खोटं ठरवायलाही जाऊ नका. पावडर खरी नसली तरी भीती खरी आहे, तेवढंच मान्य करा. तीन दिवस अन्नपाणी नीट नाही, म्हणजे तुम्हाला थांबता येणार नाही. आणायचं, पण धरून-ओढून नाही. आणि साहेब, मुलीला सांगा की हे तिच्यामुळे झालेलं नाही. ती विचारणार नाही, तुम्हीच सांगा."

आम्ही जीप इमारतीपासून लांब उभी केली. गेटवर सोसायटीचे सेक्रेटरी भेटले.

"बरं झालं आलात. आम्ही लेखी देणारच होतो. मॅडम सारख्या टेरेसवर जाऊन टाकी उघडतात. मीटिंगमध्ये विषय घेतला होता."

"मुलीचं कोण बघतं?"

"मुलीचा काही प्रॉब्लेम नाही हो. एकदम समजूतदार. दूध तीच आणते, लाइट बिल तीच भरते. आमच्या मुलांना आम्ही तिचं उदाहरण देतो."

शाळेच्या वर्गशिक्षिकेनेही नंतर समजूतदार हाच शब्द वापरला. मूल समजूतदार आहे असे सगळ्यांचे मत झाले, की त्याच्याकडे बघायचे काम संपते, असे मला त्या दिवसापासून वाटते. त्या मंगळवारपर्यंत मुलीच्या हजेरीत एकही खाडा नव्हता. कोणालाही तिच्या घरी जायचे कारण पडले नव्हते.

दार मुलीने किल्लीने उघडले. घर स्वच्छ होते. बेसिनच्या आणि मोरीच्या जाळ्यांवर चिकटपट्टी, खिडक्यांना आतून वर्तमानपत्रे. दुपारचे अडीच वाजले होते आणि आत दिवा लावावा लागत होता. ओट्यावर न फोडलेल्या पाकिटांतले दूध, आंबलेले. आई खुर्चीवर बसली होती. हडकलेली, केस नीट बांधलेले, आवाज अगदी सभ्य.

"या. शिक्का आणला का?"

"नाही आणला," मी म्हटले.

"मग तुम्ही खरे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी ओळखपत्र काढून तिच्या हातात दिले. तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिले, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. माझ्या हवालदारांनी नाकाबंदीत इतके नीट कधी पाहिले नसेल.

"मी इथं पावडर आहे असंही लिहिणार नाही आणि नाही असंही लिहिणार नाही," मी म्हटले. "तुम्हाला फार भीती वाटतेय, एवढं मला दिसतंय. तीन दिवस पोटात काही नाही. डॉक्टरांकडे जाऊ या."

"घर कोण बघणार? मी गेले की ते येणार."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईने तिच्याकडे पाहिले नाही. खोलीत चार माणसे होती, तरी मुलगी एकटी दिसत होती. महिला हवालदार जमिनीवर बसली. पिशवीतून पाण्याची सीलबंद बाटली आणि बिस्किटांचा पुडा काढून आईपासून हातभर अंतरावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच उघडा. मी हात लावत नाही."

ती दीड तास तशीच बसून राहिली. मधे पाण्याची मोटर चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा आई दचकली. हवालदार म्हणाली, "दचकायला झालं ना? मीपण दचकले." चारच्या सुमारास आईने बाटलीचे झाकण फिरवले, सील तुटल्याचा आवाज कान देऊन ऐकला आणि दोन घोट पाणी प्याली. मग अटी घातल्या. गाडीत मी पुढे वर्दीत बसायचे. दाराला दोन कुलपे. किल्ली पोलिसांकडे नाही.

"मग कोणाकडे?" मी विचारले.

तिने पहिल्यांदा मुलीकडे पाहिले. "तिच्याकडे," म्हणाली.

रुग्णालयात नोंद होईपर्यंत संध्याकाळ झाली. बाकावर मुलगी माझ्या शेजारी बसली होती, किल्ली मुठीत. डॉक्टरांनी सांगितलेले वाक्य मी मनात दोन-तीनदा जुळवले. गुन्हेगारांशी बोलायची सवय असलेल्या माणसाला ते सोपे नव्हते.

"हे तुझ्यामुळे झालेलं नाही. मम्मीला आजार आहे. ताप येतो तसा. तू वही लिहिलीस म्हणून वाढला नाही आणि तू ती लिहून तो बराही झाला नसता."

"मी सांगितलं म्हणून तिला आणलं ना?"

"तू सांगितलंस म्हणून ती पाणी प्याली."

यावर ती रडली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तिला बाल कल्याण समितीसमोर नेले. मुलीने विचारले होते त्याप्रमाणे होस्टेल, म्हणजे बालगृह, हा एक मार्ग होता. समितीच्या बाई म्हणाल्या, आधी नातेवाईक शोधा. आईच्या जुन्या अर्जात माहेरचे गाव लिहिलेले होते, उरणजवळचे मोरा. तिथल्या पोलीस पाटलाला फोन केला. तीन तासांत मावशी हजर. मासळी विकणारी बाई, आवाज ठाण्यातल्या पंख्यापेक्षा मोठा. लग्नानंतर दोघी बहिणींचे येणेजाणे तुटले होते.

"आमाला कोनी सांगितला नाय!" ती माझ्यावरच ओरडली. "इतकी शिकलेली मानसा तुमी, सगली बिल्डिंग भरलेली हाय, आनि पोर एकली? आमी काय मेलो व्हतो?"

मग ती मुलीकडे वळली. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या.

"मासे खातेस का गो?"

मुलीने विचार केला. "पॅक असतात का?"

"पॅक कसले? जाल्यातून येतान!"

मावशी हसली, मग तिला कळले आणि तिने मुलीची सुटलेली वेणी सोडून पुन्हा घातली. समितीच्या बाईंनी मुलीचा ताबा तात्पुरता मावशीकडे दिला. शाळा बुडू नये म्हणून मावशीच कामोठ्याला येऊन राहिली. मासळीची पाटी सकाळी तिथल्याच बाजारात लावू लागली. दर रविवारी मुलीला आईकडे घेऊन जायची. आपण आईला सोडून आलो नाही, हे मुलीला डोळ्यांनी दिसणे गरजेचे होते.

आई सहा आठवड्यांनी घरी आली. आजार संपला नव्हता, गोळ्या चालू होत्या. खिडक्यांवरची वर्तमानपत्रे एकेक करून निघाली. शेवटचे एक बरेच दिवस राहिले.

खोट्या पोच देणारा दलाल पुढे दुसऱ्याच तपासात सापडला. त्याचे कागद भरपूर झाले. या प्रकरणाचा कागद मी एकच वाढवला. असा अर्ज आला की शेरा मारण्याआधी एक ओळ भरायची: 'घरात अठरा वर्षांखालील मूल आहे काय? असल्यास पाहून आलेल्याचे नाव.' काही जणांनी कुरकुर केली. त्या ओळीमुळे वर्षभरात अशी आणखी मुले कळली. कोणी आजारी बापाला औषधे मोजून देत होते, कोणी आईच्या नावाने शाळेच्या चिठ्ठीवर सही करत होते. त्यांपैकी एकानेही स्वतःहून तक्रार केली नव्हती. आजारी माणूस ओरडतो, शेजारी वैतागतात, आणि पोलीस ओरडणाऱ्याकडे बघतात. घर चालवणारे मूल आवाज करत नाही. आमची सगळी यंत्रणा आवाजावर धावणारी. शांत घराची खबर आम्हाला कोणी देत नाही, ती विचारावी लागते. नोकरीतली बहुतेक वर्षे मी ती विचारली नव्हती.

निवृत्तीनंतर आता खांदा कॉलनीत राहतो. काही दिवस दाराची बेल वाजतही नाही. तेव्हा त्या घरातली दुपार जास्त समजते.

आई घरी आल्यानंतर दर रविवारी दुपारी मी तिथे जात असे. पहिल्या रविवारी मुलीने ती वही आणली आणि पेन पुढे केले. डॉक्टरांनी तपासणी लिहायला मनाई केली होती, आणि रिकामे पान परत देणे मला जमेना. मी लिहिले, 'वेळ १३.००. घरात आई, मावशी व मुलगी मिळून आल्या. तिघी जेवल्या होत्या. पुन्हा रविवारी येईन.' आणि सही केली.

मुलीने वाचले. सवयीने पानाच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवले.

"इथं शिक्का?"

आतून आईचा आवाज आला. "राहू दे गं. सही आहे ना."

मुलीने वही मिटली आणि पाणी आणायला गेली. चार पेले आणले. आईने तिच्या हातचा घेतला.